‘गुन्हा नाही’ म्हणजे ‘परवाना आहे’ असे नव्हे
नशेच्या अळंबीचा कायदा आणि आपले गोदाम

गेल्या पावसाळ्यात असरची नमाज आटोपून दुकानात येऊन बसलो होतो. ओळखीच्या घरातला एक तरुण आला. बी.कॉम. झालेला, वडिलांचे आठ लूम, त्यातले पाच बंद. सलाम-दुआ झाल्यावर त्याने विषय काढला. ‘‘चाचा, गोदामाची मागची खोली रिकामीच आहे ना? मला भाड्याने द्या. आता येते त्याच्या दुप्पट भाडे देतो.’’

माल कोणता, असे विचारल्यावर त्याने फोन पुढे केला. केरळ हायकोर्टाने ‘मॅजिक मशरूम’ म्हणजे नशेची अळंबी ही अमली पदार्थांच्या यादीत नाही, ती नुसती बुरशी आहे असे म्हटल्याची बातमी होती. ‘‘कोर्टानेच सूट दिली. अमेरिकेत तर सरकार लायसन देते. कोडाईकनालकडचा एक माणूस सुका माल पाठवायला तयार आहे. कॅप्सूल भरायच्या आणि कुरिअरने पाठवायच्या. कायद्यात बसते, चाचा.’’

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. मला त्या विषयातले काही कळत नव्हते. दोन दिवसांची मुदत मागून घेतली, सांगलीत एका वकिलांकडे जाऊन बसलो, कायद्याचे कलम समोर ठेवून वाचून घेतले. जे समजले ते इथे लिहितो, कारण असा प्रस्ताव घेऊन येणारा तो एकटाच असेल असे मला वाटत नाही. मी कापडाचा व्यापारी आहे, वकील नाही. ज्याला प्रत्यक्ष व्यवहाराचा प्रश्न पडेल त्याने वकिलाचा सल्ला घ्यावाच.

वस्तू काय आहे

पावसाळ्यात आपल्याकडे माळावर, शेणखताच्या ढिगावर छत्र्या उगवतात. खाण्याची ती अळंबी, बाकी सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या, असा आपला साधा हिशेब. जगात या छत्र्यांच्या काही जाती अशा आहेत की त्यांत सायलोसायबिन आणि सायलोसिन नावाची द्रव्ये असतात. ती पोटात गेली की काही तास माणसाला नसलेले दिसते, नसलेले ऐकू येते, वेळेचे भान जाते. दारूसारखी ती झिंग नसते, पण अक्कल ताब्यात राहत नाही हे नक्की. सुक्या अळंबीत या द्रव्याचे प्रमाण अगदी थोडे, ढोबळमानाने शंभर ग्रॅमला एक ग्रॅमच्या आसपास असते, आणि जातीप्रमाणे ते कमीजास्त होते. हे प्रमाण लक्षात ठेवावे. पुढचा सगळा वाद याच एका टक्क्याचा आहे.

डोंगरातून वेचून आणलेल्या अळंबीत विषारी जात मिसळली तर ती यकृत निकामी करून जीव घेते, आणि सुकवून भुकटी केल्यावर कोणती जात होती हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. हा धोका कायद्याच्या आधीचा आहे.

कायद्यात नेमके काय लिहिले आहे

आपल्या देशात या बाबतीत १९८५ चा अमली पदार्थ कायदा लागू आहे. लोक त्याला एन.डी.पी.एस. म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचा १९७१ चा एक करार आहे. भारत १९७५ मध्ये त्यात सामील झाला. त्या कराराच्या यादीत सायलोसायबिन आणि सायलोसिन आहेत, म्हणून आपल्या कायद्याच्या परिशिष्टातही ती आली. मात्र दोन्ही ठिकाणी नाव आहे ते द्रव्याचे. अळंबीचे नाव कुठेच नाही. संदिग्धता इथेच सुरू होते.

आता आपल्या ओळखीच्या दोन वस्तू पाहू. पहिली खसखस. अफूच्या बोंडातून अफू निघते आणि त्याच बोंडातून खसखस. पण कायद्याने व्याख्येतच बियांना वगळले आहे, म्हणून किराणा दुकानात खसखस उघड विकली जाते आणि बोंडाचा चुरा सापडला तर माणूस तुरुंगात जातो. दुसरी वस्तू गांजाचे झाड. कायद्याने गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे असे सांगितले, आणि शेंड्यांशिवायची पाने व बिया त्यातून वगळल्या. त्यामुळे भांगेचे पान केंद्राच्या कायद्यातून सुटले. पण ते मोकळे झाले का? नाही. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय भांग बाळगता येत नाही. याच झाडाच्या देठाच्या सालीचा धागा निघतो, त्याचे कापडही होते. त्यासाठीच्या लागवडीला सरकार परवानगी देऊ शकते असे कायद्याचे कलम १४ सांगते, आणि उत्तराखंडात २०१८ मध्ये असा परवाना दिला गेला.

म्हणजे एकाच झाडाचा कोणता भाग हराम आणि कोणता मोकळा, हे या दोन्ही ठिकाणी कायद्याने स्वतः लिहून ठेवले. अळंबीच्या बाबतीत असे काहीच लिहिलेले नाही. अर्क बंद आहे हे स्पष्ट आहे. ज्या छत्रीत तो अर्क निसर्गानेच भरला आहे, तिचे काय, हे कोर्टावर सोडले गेले.

सायझिंगची कांजी आणि कापसातली सरकी

कोर्टांपुढे प्रश्न कसा आला ते समजून घेण्यासाठी आपल्याच धंद्यातले उदाहरण घेतो.

या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. २००१ मध्ये सरकारने प्रत्येक द्रव्याची ‘अल्प मात्रा’ आणि ‘व्यापारी मात्रा’ ठरवून दिली. सायलोसायबिनची अल्प मात्रा २ ग्रॅम आणि व्यापारी मात्रा ५० ग्रॅम. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जास्त पण व्यापारी मात्रेपेक्षा कमी असेल तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. व्यापारी मात्रेला कमीत कमी दहा वर्षे, जास्तीत जास्त वीस वर्षे आणि एक ते दोन लाख दंड. शिवाय व्यापारी मात्रा असली की कलम ३७ प्रमाणे जामीन मिळणे फार अवघड. आरोपी दोषी नाही असे मानायला सबळ कारण आहे, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते.

आता वजन कशाचे धरायचे? सूत सायझिंगला दिले की त्यावर कांजी चढते आणि वजन वाढते. सूत विकताना कांजीसकट वजन धरले तर घेणारा भांडतो. अमली पदार्थांत हाच वाद होता. हेरॉईनमध्ये साखर किंवा भुकटी मिसळलेली असेल तर वजन शुद्ध हेरॉईनचे धरायचे की सगळ्या पुडीचे? सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात निकाल दिला की सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे. म्हणजे कांजीसकट.

मग अळंबीचे काय? केरळमधल्या प्रकरणात २२६ ग्रॅम अळंबी आणि ५० ग्रॅम अळंबीच्या कॅप्सूल जप्त झाल्या होत्या. सगळे मिळून २७६ ग्रॅम. सरसकट वजन धरले तर ते ५० ग्रॅमच्या पाचपटीहून जास्त, म्हणजे व्यापारी मात्रा आणि जामिनाचा दरवाजा जवळजवळ बंद. जानेवारी २०२५ मध्ये न्यायमूर्ती पी. व्ही. कुन्हीकृष्णन यांनी जामीन देताना म्हटले की अळंबी ही बुरशी आहे, तिला मिश्रण म्हणता येणार नाही, म्हणून मिश्रणाचा नियम इथे लागणार नाही. कर्नाटक आणि मद्रास हायकोर्टांनी आधी घेतलेल्या भूमिकेशी त्यांनी सहमती दाखवली.

आपल्या भाषेत सांगायचे तर हे कांजीचे प्रकरण नाही, सरकीचे आहे. कापसात सरकी कोणी मिसळलेली नसते, ती जन्मतःच असते. म्हणून रुईचे वजन वेगळे काढा, एवढेच कोर्ट म्हणाले. अंदाजे एक टक्का धरला तर २७६ ग्रॅममध्ये पावणेतीन ग्रॅम द्रव्य निघते, आणि पन्नास ग्रॅमपासून ते फार दूर आहे.

मग सूट कोणाला मिळाली?

इथे त्या तरुणाचा आणि फोनवरच्या मथळ्याचा घोटाळा झाला. निकाल नीट वाचला तर तीन गोष्टी दिसतात.

पहिली, हा जामिनाचा आदेश आहे. खटल्याचा शेवट नव्हे. जामीन म्हणजे खटला चालेपर्यंत बाहेर राहण्याची मुभा. अळंबी विकायला हरकत नाही असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, आणि आतल्या द्रव्याची बंदीही उठलेली नाही.

दुसरी, केरळ हायकोर्टाचा आदेश महाराष्ट्रातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. वकील तो दाखवू शकतात, न्यायाधीश त्याचा विचार करू शकतात, पण मानलाच पाहिजे असे नाही. कायद्याच्या व्याख्येत ‘नैसर्गिक पदार्थ’ असाही शब्द आहे. सरकारी वकील त्यावर बोट ठेवून उलट बाजू मांडू शकतात. सुप्रीम कोर्टाचा मिश्रणाचा निकाल मात्र सगळीकडे लागू आहे. आणि कोणी ती अळंबी दळून दुसऱ्या भुकटीत मिसळली, चॉकलेटमध्ये घातली, तर ते मिश्रण नाही असे कोणत्या तोंडाने सांगणार? सरकी दळून पिठात घातल्यावर ती सरकी राहत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोर्टाचा उदार हिशेब धरला तरी तो कोणाला वाचवतो? खिशात पन्नास-शंभर ग्रॅमची पुडी असलेल्या माणसाला, आणि त्यालाही पूर्ण नाही, कारण अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत शिक्षा आहेच. आता व्यापाऱ्याचा हिशेब मांडा. एक टक्क्याने दोनशे ग्रॅम सुक्या अळंबीतच अल्प मात्रा संपते. पाच किलोत पन्नास ग्रॅम द्रव्य होते. त्याच्या पुढे गेले की उदार हिशेबानेही व्यापारी मात्रा. पाच किलो म्हणजे किती? आपल्याकडे कापडाचा एक गठ्ठा त्याहून जड असतो. कोडाईकनालहून येणारा एक खोका पाच किलोचा नसेल तर त्यात धंदा कसला, आणि पाच किलोच्या वर असेल तर दहा ते वीस वर्षांची गोष्ट झाली.

म्हणजे जी सूट म्हणून व्यापाऱ्याला दाखवली जाते, ती गिऱ्हाईकाच्या खिशापुरती आहे. गोदामापर्यंत ती पोहोचतच नाही.

परदेशातला ‘परवाना’

अमेरिकेचे उदाहरण नेहमी पुढे येते. ‘डिक्रिमिनलायझेशन’ हा शब्द आपले लोक ‘कायदेशीर झाले’ असा घेतात. आपल्या बाजारातले उदाहरण पाहा. एकाकडे नगरपालिकेचा परवाना असलेला गाळा आहे. दुसरा परवान्याशिवाय बसतो, पण त्याला दंड करायचा नाही असे ठरले आहे. तिसऱ्याची हातगाडी अतिक्रमणातच आहे, फक्त सध्या कोणी उचलत नाही. तिघेही बाजारात बसलेले दिसतात, पण तिघांची स्थिती एक नाही.

अमेरिकेच्या डेन्व्हर शहरात मे २०१९ मध्ये मतदान झाले. त्यातून एवढेच ठरले की प्रौढ माणसाजवळ वापरापुरती अळंबी सापडली तर त्याच्यामागे लागणे हे पोलिसांचे सर्वांत शेवटचे काम असेल. ही तिसऱ्या प्रकारची हातगाडी. विक्री गुन्हाच राहिली. ओरेगॉन राज्यात नोव्हेंबर २०२० च्या मतदानाने परवाना पद्धत आली आणि २०२३ पासून परवानाधारक केंद्रे सुरू झाली. पण तिथेही केंद्रात बसून, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली घ्यायची. दुकानातून पुडी घरी नेता येत नाही. कोलोराडोत २०२२ मध्ये एकवीस वर्षांवरील लोकांना स्वतःपुरती लागवड आणि देवाणघेवाण मोकळी झाली, पण पैसे घेऊन किरकोळ विक्री नाही. आणि या सर्व राज्यांच्या वर जो संपूर्ण अमेरिकेचा १९७० चा कायदा आहे, त्यात सायलोसायबिन आजही सर्वांत कडक यादीत आहे. आपली जी मुले तिकडे व्हिसावर आहेत त्यांचे भवितव्य राज्याच्या नव्हे, या वरच्या कायद्यावर ठरते. राज्यात चालते म्हणून घेतले आणि इमिग्रेशनपुढे कबूल केले, तर परत पाठवणी होऊ शकते.

दिलेली सूट परतही घेतली जाते. ओरेगॉननेच सर्व अमली पदार्थ स्वतःपुरते बाळगणे गुन्ह्यातून काढले होते. सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा झाले. इंग्लंडमध्ये एकेकाळी सुकी अळंबी गुन्हा आणि ताजी अळंबी मोकळी अशी गंमत होती. दुकाने उघड चालत होती. जुलै २००५ मध्ये कायदा बदलला आणि एका दिवसात सगळा माल बेकायदा झाला. हॉलंडने १ डिसेंबर २००८ पासून अळंबीवर बंदी घातली, मात्र जमिनीखाली वाढणारी तिची गाठ यादीत आली नाही, म्हणून ती अजून विकली जाते. संदिग्धतेवर उभा केलेला धंदा हा दुसऱ्याच्या जागेवर बांधलेल्या भिंतीसारखा असतो.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून खास परवानगी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर हे द्रव्य देण्याची मुभा दिली. औषध म्हणून संशोधन चालू आहे आणि ते व्हावे. आपल्या कायद्यातही वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी सरकारी परवान्याने वाट ठेवलेली आहे. पण ती वाट प्रयोगशाळेची आहे, माधवनगरच्या मागच्या खोलीची नाही.

आखातात जाणाऱ्यांसाठी

आपल्या घरोघरी कोणी ना कोणी दुबई, सौदी, कुवेतला आहे. त्यांच्यासाठी ही गोष्ट आणखी वेगळी. आई मुलाच्या बॅगेत मसाल्याबरोबर खसखस बांधून देते. आपल्या कायद्याने ती मोकळी आहे, पण संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबियात खसखशीवर बंदी आहे आणि ती नेल्याबद्दल भारतीय माणसे अटकेत गेली आहेत. सौदीत अमली पदार्थांच्या तस्करीला मृत्युदंड आहे. जिथे खसखशीची ही अवस्था, तिथे अळंबीच्या कॅप्सूलबद्दल बोलायलाच नको. कोणी ‘हर्बल औषध आहे, माझ्या भावाला द्या’ म्हणून डबी दिली तर ती घेऊ नये, मग तो नातलग का असेना.

गोदाम, टेम्पो आणि भांडवल

आपला जिल्हा या बाबतीत आता बेफिकीर राहण्यासारखा उरलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोनच्या तपासात माधवनगरच्या शेजारच्या कुपवाडमधून साठा जप्त केला. त्याच वर्षी मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी येथे मुंबई गुन्हे शाखेने कारखानाच पकडला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत तसाच प्रकार उघडकीस आला. तो पदार्थ वेगळा, पण कायदा हाच. लूम बंद पडले की शेड रिकामे होतात, आणि रिकाम्या शेडला जास्त भाडे देणारा माणूस कोण आहे हे विचारायचे सोडून आपण भाडे मोजतो.

व्यापाऱ्याने ही कलमे ध्यानात ठेवावीत.

कलम ८ : तयार करणे, बाळगणे, विकणे, विकत घेणे, वाहून नेणे, गोदामात ठेवणे, वापरणे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणणे किंवा पाठवणे, ही सगळी कामे त्यात नावानिशी आहेत. ‘मी फक्त ठेवून घेतले’ हा बचाव नव्हे.

कलम २५ : घर, खोली, जागा किंवा वाहन ज्याच्या ताब्यात आहे, त्याने जाणूनबुजून अशा कामाला ते वापरू दिले तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्याला.

कलम २७ अ : असल्या व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला दहा ते वीस वर्षे. आपल्याकडे मुदारबतने पैसे लावण्याची पद्धत आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. पैसे लावताना माल काय आहे हे विचारणे भाग आहे.

कलम ३५ आणि ५४ : माल ताब्यात सापडला की माहिती होती असे कोर्ट गृहीत धरते. माहिती नव्हती हे आपल्याला सिद्ध करावे लागते.

कलम ६० : वाहन जप्त होते. आपल्या माहितीशिवाय वापरले गेले आणि आपण योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, हे मालकाने दाखवले तरच ते वाचते.

शेवटच्या दोन मुद्द्यांचा अर्थ एकच. कागद ठेवा. जागा भाड्याने देताना नोंदणीकृत करार करा, भाडेकरूचे ओळखपत्र आणि जीएसटी क्रमांक घ्या, मालाचे स्वरूप करारात लिहा, जागा पाहण्याचा हक्क राखून ठेवा आणि तो अधूनमधून वापरा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. आपल्या दुकानाच्या नावावर दुसऱ्याचे पार्सल मागवू देऊ नका. बिल्टीवर ‘किराणा’ किंवा ‘हर्बल’ असे मोघम लिहिलेले असेल तर बिल मागा. संशयित खोका आलाच तर तो उघडू नका, फेकू नका, परत पाठवण्याची घाई करू नका. पोलिसांना कळवा आणि कळवल्याची पोच घ्या. केंद्र सरकारने जुलै २०२४ मध्ये १९३३ हा दूरध्वनी क्रमांक सुरू केला आहे, त्यावर नाव न सांगताही माहिती देता येते.

घरातलाच कोणी या नादाला लागला असेल तर लपवून ठेवू नका. स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४ अ प्रमाणे खटल्यातून संरक्षण मिळू शकते. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा क्रमांक आहे.

खाण्याच्या अळंबीवर रोष नको

हे वाचून कोणी अळंबीचा चांगला धंदा सोडू नये. धिंगरी आणि बटन अळंबी ही खाण्याची वस्तू आहे. काही जातींच्या पोषक कॅप्सूलही बाजारात असतात, ज्यांत हे नशेचे द्रव्य नसते. त्यासाठी अन्नसुरक्षेचा परवाना, लेबलवर जातीचे नाव, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक एवढे पाहावे. नशेचा माल विकणारे नेमके या कॅप्सूलच्या आडून येतात. ज्या डबीवर जातीचे नाव नाही आणि जिच्याबद्दल बोलताना विकणारा आवाज खाली घेतो, ती दुकानात ठेवू नये.

एक गैरसमजही दूर करतो. हदीसमध्ये ‘कमअ’ या जमिनीतून निघणाऱ्या वस्तूची तारीफ आली आहे. त्या तरुणाने तिचाही दाखला दिला. कमअ म्हणजे अरबस्तानच्या वाळवंटात पावसानंतर मिळणारी खाण्याची गाठ. तिच्यात नशा नाही. हॉलंडच्या नशेच्या गाठीला तिकडे ज्या नावाने विकतात, तेच नाव इंग्रजीत कमअलाही आहे, म्हणून हा घोळ होतो. नाव सारखे असले म्हणून हुकूम सारखा होत नाही.

आणि आपला हिशेब

कायद्याची संदिग्धता एका बाजूला ठेवा. मुसलमान व्यापाऱ्यासाठी या प्रश्नात संदिग्धता मुळात नाही. जे अक्कल झाकते ते हराम, मग ते द्राक्षाचे असो की बुरशीचे, आणि थोडे की जास्त हा वजनाचा वादही तिथे नाही. दारूच्या बाबतीत हदीसमध्ये पिणाऱ्याबरोबरच वाहून नेणारा, विकणारा आणि तिची किंमत खाणारा यांनाही दोषी धरले आहे. कलम ८ वाचताना मला ती हदीस आठवली. उलेमांना मी जे विचारले त्यावर त्यांचे उत्तर एका वाक्यात संपले. वकिलांचे उत्तर मात्र दोन दिवस चालले.

तिसऱ्या दिवशी तो तरुण आला. मी त्याला पाच किलोचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘चाचा, मग लूम बंदच ठेवायचे का?’’

हा त्याचा प्रश्न खरा होता, आणि त्याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. वीजबिल, सुताचे भाव, उधारीत अडकलेले पैसे, यांतून माधवनगरच्या कितीतरी घरांतली मुले असल्या दुप्पट भाड्याच्या वाटेकडे बघू लागली आहेत. त्यांना नुसते ‘हराम आहे, जाऊ नको’ म्हणून आपले काम संपत नाही. मी त्याला एवढेच म्हणालो की मागची खोली घे, जे भाडे इतरांकडून घेतो तेच घेईन, पण माल कापडाचा ठेव. टॉवेलचे दोन तागे उधारीवर दिले. तो लगेच हो म्हणाला नाही. दीड महिन्याने आला आणि किल्ली घेऊन गेला.

ज्यांची गोदामे रिकामी आहेत आणि ज्यांच्या ओळखीत अशी मुले आहेत, त्यांनी भाडे दुप्पट करून मागण्याआधी एकदा हा विचार करावा. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजीची तौफीक देवो. आमीन.